दयाराम चिन्याचा गोड काढा

दयाराम घरताचं बारसं झालं तेव्हा त्याला झुपकेदार मिशा होत्या. त्या काढायच्या की ठेवायच्या यावर भटजी आणि जगन न्हावी यांच्यात बराच वेळ खल चालला होता. भटजींचं म्हणणं, तान्ह्या बाळाला मिशा नसतात. जगन म्हणाला, तान्ह्या बाळाला विडीही लागत नाही, आणि या बाळाच्या मघापासून दोन ओढून झाल्या. शेवटी मिशा राहिल्या. पाळण्यात मावेना म्हणून दयारामानं नुसता उजवा पाय पाळण्यात ठेवला, आत्यानं कानात ‘दयाराम’ म्हणून कुर्र केलं आणि पनवेल बंदराकडच्या सगळ्या आगरी आळीनं घुगऱ्या खाल्ल्या. चार दिवसांनी त्याच मांडवात त्याचं लग्न लागलं. नवरी त्याचीच बायको होती.

हे स्वराज्य यायच्या आदल्या वर्षाचं. ज्याला ठाऊक नाही त्याला ही थट्टा वाटेल, म्हणून थोडं मागं जायला हवं.

दयाराम मिठागरातला गडी. बापाच्या मागं खाडीकाठच्या आगरात मीठ ओढायचा. पण पायाला भिंगरी. चिरनेरच्या वेणूशी लग्न झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत स्वारी मुंबईहून बोटीवर कोळसा टाकायच्या कामाला निघाली. बंदरावर पोचवायला आलेली वेणू पदर तोंडात धरून रडायला लागली. दयाराम होडीत एक पाय टाकून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “रडू नको गो. तू रडलीस का माजा पाय उचलत नाय.” वेणूनं डोळे पुसले, पाय उचलला गेला, होडी सुटली. नव्या नवरीला असं चारचौघांत बोलला म्हणून बायकांना पुढं महिनाभर हसायला विषय झाला.

मग लढाई पेटली. पिनांगच्या धक्क्यावर दयारामाला ताप भरला, त्याला इस्पितळात टाकून बोट पुढं गेली आणि समुद्रात बुडाली. ज्याला टाकलं तो वाचला. पण ही गोष्ट पनवेलला कशी कळावी? तिकडं जपानी आले, टपाल बंद झालं. दुसऱ्या बोटीवरचा एक ओळखीचा खलाशी परत आला, त्यानं फक्त एवढंच सांगितलं की दयारामाची बोट तळाला गेली. घरच्यांनी वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून तो खाडीवर जाळला.

दहाव्याला पिंड ठेवला तो उघाडीजवळ. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीला ते बंद राहतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं साचलेलं पाणी बाहेर जातं. बांधावर कावळ्यांची रांग बसली होती, पण एकही पिंडाला शिवेना. दयारामाची आई सोनाबाई पुढं झाली, वेणूला लेकीसारखी सांभाळीन म्हणाली. कावळे ढिम्म. चुलत्यानं सामायिक बांध कोरणार नाही म्हणून कबूल केलं. ते खोटं आहे हे कावळ्यांनाही कळलं असावं. ऊन चढलं, लोकांच्या पोटात भुकेचा डोंब उसळला. कुणीतरी म्हणालं, बायकोला बोलू द्या. वेणू पुढं आली, पिंडापाशी बसली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. एक कावळा टुणकन उडी मारून आला आणि पिंड घेऊन गेला. ती काय म्हणाली हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष घरच्या जेवणाकडं लागलं होतं.

आणि मग एक दिवस लाँचमधून पत्र्याची ट्रंक घेऊन दयाराम उतरला. सोनाबाईनं लेकाच्या तोंडाकडं नंतर पाहिलं, आधी त्याचे पाय पाहिले. ते सरळ होते. तेव्हा तिनं हंबरडा फोडला. शेजारणी रडल्या, त्यांच्या पोरी रडल्या, ज्या चुलत्यानं दरम्यान बांध कोरला होता तोही रडला. वेणू मधल्या दारात उभी होती. पांढऱ्या कपाळाची, रिकाम्या हातांची. ती म्हणाली, “जेवून आलाव का?”

जाळलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, असं भटजींनी पोथी उघडून सांगितलं. म्हणून ते बारसं आणि म्हणून ते लग्न. पुतळा जाळल्याचं प्रायश्चित्त झालं, कपाळाला कुंकू लागलं, हातात हिरव्या बांगड्या चढल्या. जे जे मोडलं होतं ते ते पुन्हा बांधलं. काही राहिलं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

दयारामाच्या ट्रंकेत कपडे नव्हतेच. वाळलेल्या मुळ्या, साली, बिया, आणि लहान खणांचं एक लाकडी खोकं. पिनांगला तो इस्पितळातून सुटला तेव्हा ना बोट ना काम. तान नावाच्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याच्या दुकानात झाडू मारायला राहिला. झाडू मारता मारता मुळ्या कापायला लागला, मुळ्या कापता कापता नाडी धरायला शिकला. जपान्यांच्या त्या दिवसांत तानबाबाकडं मोडलेल्या हाडाची माणसं कमी यायची, मोडलेल्या मनाचीच फार. दयारामानं पाहिलं ते हेच.

पनवेलला बंदराच्या रस्त्यावर त्यानं एक टपरीवजा दुकान थाटलं. लोक त्याला ‘चिनी’ म्हणायला लागले. ही पदवी पुढं बासष्टच्या लढाईत त्याला जड गेली, पण तेव्हा तिचा थाट होता. झोप न येणारा भातगिरणीवाला, सुनेशी भांडून छातीत कळ घेऊन बसलेली म्हातारी, परीक्षेत आपटल्यावर तोंड न उघडणारा कारकुनाचा मुलगा, असे लोक त्याच्याकडं येत. तो दोन्ही मनगटांची नाडी बघायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत एक खळगा असतो, तिथं अंगठ्यानं हळूहळू दाबत बसायचा आणि दाबताना बोलत राहायचा. “राग यकृतात राहतो, दुःख फुप्फुसात. अंगात वारा फिरता पायजे. उघाडी बंद राहिली का आतला पानी सडतो, नाय का?” खाडीकाठच्या माणसाला हे ताबडतोब पटे. भातगिरणीवाल्याला त्यानं संत्र्याच्या वाळलेल्या सालीचं पाणी दिलं आणि रोज पहाटे वडाळे तळ्याला पायी फेरी मारायला लावली. गिरणीवाला झोपायला लागला; सालीनं की चालण्यानं, हे विचारायच्या फंदात तो पडला नाही.

पण दयारामाचं नाव झालं ते काढ्यामुळं. गहू, ज्येष्ठमध आणि वाळलेली लाल बोरं, एवढंच त्यात. तिन्ही पनवेलच्या बाजारात मिळतात, म्हणून कुणाला भीतीही नाही. तानबाबा हा काढा आपल्या हातानं ढवळायचा, म्हणून दयारामाच्या मनात त्याला देवघरातल्या तीर्थाची जागा होती. ज्याचं मन खाली बसलं त्याला काढा. कुणाला बरं वाटे, कुणाला वाटत नसे. ज्यांना वाटे ते बाजारभर सांगत.

आणि ज्या एका माणसासाठी तो रोज सकाळी न चुकता काढा उकळी, तिला काहीच वाटत नव्हतं.

वेणूला काय झालं होतं, हे सांगणं कठीण. ताप नाही, खोकला नाही. कामाला ती वाघीण. पण पहाटे सगळ्यांच्या आधी जागी होऊन कुडाकडं बघत बसायची. गौरी आल्या काय, शिमगा झाला काय, तिला सारखंच. बोलायची ते ‘व्हय’ आणि ‘नाय’. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. काढ्याचा पेला दिला की एका दमात पिऊन पेला उपडा घालायची. गोड की कडू, कधी बोलली नाही. दयाराम तिची नाडी बघायचा. बोटाखाली ती शिवणीच्या दोऱ्यासारखी लागायची, बारीक आणि ताणलेली. आळीतल्या बायकांची मतं वेगवेगळी होती. एकीला वाटे बाहेरची बाधा, दुसरीला वाटे विधवापणाची सवय झाली होती, नवरा परत आला तो तिला नकोसा झाला. तिसरी म्हणे, सख्खा बाप मेला तेव्हासुद्धा हिच्या डोळ्याला पाणी आलं नाही, बाईचं काळीजच दगडाचं. दगड म्हणणारी तिची सख्खी चुलत जाऊ होती, म्हणून ते मत सगळ्यांत लवकर पसरलं.

सोनाबाईनं तिला नेऱ्याच्या भगताकडं नेलं. त्यानं कोंबडं घेतलं आणि अंगारा दिला. अंगाऱ्यानं काही झालं नाही, कोंबड्याचं मात्र झालं. पाच वर्षं अशी गेली, पाळणा हलला नाही. शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी सोनाबाईनं लेकाला समोर बसवलं.

“माघ लागला का वेणूला चिरनेरला पोचव. काडी मोड. नेऱ्याच्या बळीराम पाटलाची भामा हाय, मी बोलून ठेवलाय.”

“आये, ती काय गाय हाय, पोचवायला?”

“गाय असती त हंबरली तरी असती. मी काय तिची दुस्मन हाय? बग तिच्याकडं. सुकून चाललीय पोर. माहेराला भाऊ हायेत, भावांची पोरं हायेत, तिकडं तरी हसंल. तुज्या घरात ती मरंल, मंग परत पिंड ठेवायचा काय उघाडीवर?”

दयारामाला राग येईना, कारण आई खोटं बोलत नव्हती. सगळ्या बाजाराची मनं जुळवणारा हा माणूस त्या दिवशी टपरीत जाऊन गिऱ्हाईक आलं तरी न उठता बसून राहिला. वेणू गेली तर काढा कुणासाठी उकळायचा, हे त्याला कळेना.

ज्येष्ठमध संपलं होतं म्हणून संध्याकाळी तो कमळाकर वैद्यांकडं गेला. हे गावातले जुने आयुर्वेदवाले, कपाळाला गंध, जिभेला धार. दयारामाची थट्टा करण्यात त्यांना दिवसभराचं सुख मिळे, पण औषध त्याला निवडून देत.

“या धन्वंतरी. आज पेकिंगकडचा चेहरा का उतरलेला?”

दयारामानं सगळं सांगितलं. वैद्यबुवांनी ज्येष्ठमधाच्या काड्या तराजूत टाकता टाकता ऐकून घेतलं.

“पाच वर्षं तोच काढा?”

“तोच.”

“तुझ्या त्या तानबाबानं काढा कुणाला द्यायचा म्हणून सांगितलं होतं?”

“मन बसलेल्याला.”

“असं नसेल रे. कुठलाही शहाणा वैद्य इतकं ढगळ बोलत नाही. त्याचे शब्द आठव. माझ्या गुरूनं मला पाठ करायला लावलं होतं, त्यानंही लावलं असेल.”

लावलं होतं. दयारामानं डोळे मिटले. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हातारा एकच वाक्य घोकून घ्यायचा. ते मराठीत आणायला त्याला वेळ लागला. “जी बाय काय कारन नसताना रडत बसते, जांभया देते, अंगात दुसरा कोन शिरल्यासारखी करते, तिला.”

“रडत बसते,” वैद्य म्हणाले. “वेणू रडते?”

दयाराम म्हणाला, “नाय.”

“कधीच?”

“मी आल्यापासून कंदी नाय. बाप मेला तवा पन नाय.”

“मग वाहणाऱ्याला घालायचा बांध तू कोरड्याला घालतोस.” वैद्यबुवांनी पुडी बांधली. “मला चिनी वैद्यक कळत नाही, पण आमच्यात रोग्याला विचारतात. तुमच्यात विचारतात का?”

विचारतात. तानबाबा सांगायचा, बघ, ऐक, विचार, आणि सगळ्यात शेवटी नाडी धर. दयारामानं गावाला विचारलं होतं. स्वतःच्या बायकोला विचारायचं काय, ती आपलीच आहे, असं धरून त्यानं तिची थेट नाडी धरली होती. परत येताना पुडी त्याच्या हातात जड वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी वेणू अंगणात खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या, साफ करत बसली होती. दयाराम तिच्यासमोर उकिडवा बसला.

“वेणू, तू रडत का नायस?”

विळीवरचा हात थांबला नाही. “काय रडायचा? सगला हाय.”

“बाप मेला तवा?”

वेणूनं राखेत निवटी घोळली, विळीवर धरली, टोपलीत टाकली.

“तू बंदरावर रडलीवतीस. मना आठवतं. मंग कवा बंद झालीस?”

तेव्हा तिनं मान वर केली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं जरा चिडून पाहिलं. “तुमीच सांगितलावता.”

“मी?”

“रडलीस का पाय उचलत नाय, म्हनलाव. पिंड ठेवला तवा कावला शिवत नवता. मना कलला, तुमचा पाय अजून उचलला नाय. मंग म्हनले, जावा तुमी सुखान. मी आता कंदी रडनार नाय.” तिनं विळी बाजूला सारली. “तवा कावला आयला.”

“कावल्याला बोललीस तू असा?”

“कावल्याला कशाला बोलू? तुमाला बोलले.”

दयारामाला आता कळलं. भटजींनी पोथी उघडून पुतळ्याचं उलटवलं, बारशाचं उलटवलं, कुंकवाचं आणि बांगड्यांचं उलटवलं. मेलेल्याला दिलेला शब्द मात्र कुणी उलटवला नाही, कारण तो कुणी ऐकलाच नव्हता. सगळ्यांना भूक लागली होती. आणि ही बाई जिवंत नवऱ्याच्या घरात बसून मेलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द पाळत होती. तेव्हा रडू नको म्हणून सांगणं त्याला सोपं गेलं होतं. आता रड म्हणून सांगितलं तर ती ऐकेल का? मेलेल्याला दिलेला शब्द मोडला तर परत आलेला नवरा पुन्हा जाईल, ही भीती तिच्या आत किती खोल गेली असेल.

तो उठला. “भात हाय काय?”

“सकालचा हाय.”

“तील घाल त्याच्यात. गोला कर. आन चल माज्यासंगती.”

आळीनं जे पाहिलं ते पुढं बरीच वर्षं सांगितलं गेलं आणि दरवेळी थोडं वाढत गेलं. जगन न्हाव्याच्या दुकानात तर त्यात कावळ्याचे पंखसुद्धा आले. झालं ते एवढंच. ओहोटीची वेळ होती. दयाराम बांधावरून पुढं, त्याच्या मागं हातात केळीचं पान घेतलेली वेणू, तिच्यामागं ‘काय झाला, काय झाला’ करत सोनाबाई, आणि तिच्यामागं ज्यांना घरी कामं होती ते सगळे. उघाडीपाशी, जिथं पिंड ठेवला होता नेमकं तिथं, दयारामानं पान ठेवायला सांगितलं. मग बांधाच्या कडेवर, कावळे बसले होते तिथं, कावळ्यासारखाच तो उकिडवा बसला.

“तू मना शबूद दिलावतास,” तो म्हणाला. “ज्याला दिलास तो आयला हाय. तुजा शबूद तुला परत देतो.”

आणि त्यानं मान वाकडी केली, एक डोळा पानावर रोखला, घसा ताणून ‘काव’ केलं, टुणकन पुढं उडी मारली आणि तो तीळभाताचा पिंड उचलून तोंडात कोंबला.

सोनाबाईनं कानांवर हात ठेवले. जिवंत माणसानं स्वतःचा पिंड खाणं ही गोष्ट कुठल्याही पोथीत नव्हती. दयाराम खात होता. तोंड भरल्यानं त्याला गिळता येईना, डोळे बाहेर आले, भाताची शितं आणि तीळ त्या झुपकेदार मिशांत अडकले. ज्या मिशांसाठी बारशाला भांडण झालं होतं त्याच. त्याला ठसका लागला आणि एक तीळ नाकातून बाहेर आला.

वेणू हसली. आधी नुसता श्वास सुटल्यासारखी. मग तिनं पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना, खांदे हलायला लागले. आळीतल्या बायकाही हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की वेणूच्या तोंडून येणारा आवाज आता हसण्याचा राहिलेला नाही.

ती खाली बसली. मातीत हात टेकले. जो आवाज निघाला तो दयारामानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्यात बंदरावरची होडी होती, जळालेला पुतळा होता, तिचा बाप होता, रिकाम्या हातांची ती वर्षं होती. उघाडीतून पाणी घों घों करत खाडीत जात होतं, आणि तिच्या रडण्यापुढं ते ऐकू येत नव्हतं. कुणी तिला गप्प करायला गेलं नाही. दगड म्हणणारी जाऊ सगळ्यांत आधी तिच्याशेजारी जाऊन बसली. दयाराम जिथं होता तिथंच उकिडवा राहिला. पाय जागचा हलवायची त्याला हिंमत झाली नाही. ती वर बघेल तेव्हा तो तिथं दिसायला हवा होता.

तिनं वर पाहिलं. तो होता.

माघ आला आणि गेला. चिरनेरचं नाव सोनाबाईनं काढलं नाही, पण तिला नवंच संकट आलं. वेणू रडायची थांबेचना. शेजारच्याचं वासरू बाजारात गेलं, वेणू रडली. अनोळखी वरात रस्त्यानं गेली, वेणू रडली. भात उतू गेला तरी तिचे डोळे भरायचे, आणि मध्येच ती लांबलचक जांभई द्यायची. सोनाबाई म्हणाली, “आधी रडत नवती त बरा होता.” दयारामानं हे कमळाकर वैद्यांच्या कानावर घातलं. त्यांनी हातातला बत्ता खाली ठेवला आणि इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी पाहायला आल्या.

“अरे चिन्या,” ते डोळे पुसत म्हणाले, “कारण नसताना रडते, जांभया देते. आता दे तुझा काढा.”

त्या रात्रीच त्यानं गहू भिजत घातले. सकाळी ज्येष्ठमध ठेचलं, बोरं फोडली, मंद आचेवर काढा उकळला, गाळून पेल्यात ओतला. वेणू चुलीपाशी बसली होती. डोळे सुजलेले, पण कुडाकडं नाही, विस्तवाकडं बघत. त्यानं पेला पुढं केला.

तिनं एक घोट घेतला. तोंडात घोळवला. तोंड वेडंवाकडं केलं.

“पाच वर्सां ह्या पाजत होताव मना?”

“ह्याच.”

“किती गोड हाय हा,” वेणू म्हणाली, आणि चुलीमागचं मिठाचं मडकं पुढं ओढून पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं.